चढावरची वाकरिमा, पुलाकडची नव्हे

शाळेत घेवडा ढवळायला कर्जाचा दाखला लागतो, हे आमच्याकडं त्या दिवसापर्यंत कुणाच्या कानावर नव्हतं.

चढावरची वाकरिमा अकरा वर्षं मुलींच्या शाळेत गिथेरी शिजवत होती. मका आणि घेवडा, सहाशे पोरींचा, रोज. पातेलं एवढं की ढवळायला दगडावर उभं राहावं लागायचं. अकरा वर्षं रोजंदारी. शाळेला सुट्टी लागली की हिचा पगार बंद, आजारी पडली की पगार बंद. शेवटी एकदाची मुख्य स्वयंपाकिणीची जागा कायम झाली. महिन्याचा पगार, म्हातारपणी पेन्शन. गावात जो तो म्हणाला, ही जागा वाकरिमाचीच.

शाळेचा हिशेबनीस किनुथिया. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेन कानावर. त्यानं तिला बोलावून यादी वाचली. पोलिसांचा दाखला, दवाखान्याचा दाखला, कराचा दाखला, सातवीचा दाखला. पाचवा आला पत असल्याचा दाखला. म्हणजे ह्या बाईनं कुणाचं कर्ज बुडवलेलं नाही, असा नैरोबीतल्या पतनोंद ऑफिसचा कागद.

"घेवडा काय मी कर्जात शिजवणाराय व्हय?" वाकरिमानं विचारलं.

"माझा नियम नाही, बाई. वरून आलाय."

"वरचे जेवायला येतात तवा दाखला आणतात का?"

किनुथियानं चष्मा वर सरकवला. "तीन आठवडे आहेत. पाचही कागद आणा. चार चालणार नाहीत."

करातिनाच्या बाजारात, केळ्यांच्या ओळीमागं गिथाइगाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सरकारी फॉर्म भरणं, फोटो काढणं, लग्नाच्या पत्रिका छापणं, सगळं एकाच टेबलावर. त्यानं वाकरिमाचा ओळखपत्राचा नंबर टाकला, पडद्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की गिथाइगा महाग होतो, हे आम्हाला माहीत आहे.

"मावशी, तुम्ही काळ्या यादीत आहात."

"कसल्या यादीत?"

"कर्ज बुडवणाऱ्यांच्या. एकसष्ट हजार चारशे शिलिंग."

वाकरिमा खाली बसली नाही, डोक्याला हात लावला नाही. तिनं फक्त पिशवी टेबलावर ठेवली, म्हणजे आता ती हलणार नाही असं समजायचं. "दाखव," म्हणाली.

"दाखवून काय व्हायचंय? पाच हजार द्या, मी साफ करून देतो. आतला माणूस आहे माझा. आठ दिवसांत नाव धुऊन निघंल."

"नाव काय गोणपाट हाय धुवायला? जे केलंच न्हाई ते पाच हजार दिऊन पुसायचं? मग केलंच म्हनायचं की."

"सगळे असंच करतात, मावशी."

"सगळ्यांचं नाव तुज्याकडं धुवायला टाकलेलं दिसतंय. मला माजा सगळा अहवाल छापून दे. वर्षातनं एकदा फुकट मिळतो, तुज्याच भिंतीवर लिवलंय."

लिहिलेलं होतं खरं. भिंतीवरचा सरकारी कागद गिथाइगानं कॅलेंडरमागं दडवला होता, पण अर्धा बाहेर आला होता. तोंड वाकडं करून त्यानं तीन पानं छापली आणि छपाईचे तीस शिलिंग मोजून घेतले.

वाकरिमा ती पानं घेऊन केळ्यांच्या ढिगाशेजारी बसली आणि बोट ठेवून ठेवून वाचली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, वाचायला वेळ लागतो, पण ओळ गाळत नाही. दोन नोंदी होत्या. पहिली, फोनवरून घेतलेलं पाचशे शिलिंगांचं कर्ज. चार वर्षांपूर्वी, लेकीला ताप आला तेव्हा घेतलेलं. मग ते सिमकार्ड हरवलं आणि कर्ज विसरून गेलं. वाढून अकराशे तीस झालं होतं.

"हे माजं," ती म्हणाली, आपल्याशीच. उठली, समोरच्या फोनवाल्याच्या खोक्यात गेली आणि अकराशे तीस भरून टाकले. पावतीचा निरोप फोनवर आला तो गिथाइगाला दाखवून छापून घेतला.

दुसरी नोंद करातिनातल्याच एका कर्ज देणाऱ्या कंपनीची. चाळीस हजार, कोंबड्यांसाठी. सहा हप्ते भरले, मग बंद. व्याज धरून एकसष्ट हजार चारशे. वाकरिमानं जन्मात चारपेक्षा जास्त कोंबड्या पाळल्या नव्हत्या, आणि त्यातली एक कोंबडा होती. नोंदीखाली फोनचा नंबर होता. शेवटचे चार आकडे वाचले आणि तिच्या लक्षात आलं. तो नंबर तिला पाठ होता. दर रविवारी ती त्यावर बोलायची.

आता हे सांगायलाच हवं. म्हातारा गिचोही, त्याची बायको एस्तेर वाकरिमा. त्यांना चार मुलगे. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, ह्यात कुणी डोकं चालवत नाही. चारही मुलग्यांनी पहिल्या लेकीचं नाव एस्तेर वाकरिमा ठेवलं, आणि ओळखपत्रावर मागं आजोबांचं नाव लावलं. एक नाकुरूला दिली, एक लहानपणी गेली, उरल्या दोन. एक चढावर राहते, एक पुलाकडं. गावात कुणाचाही घोटाळा होत नाही. चढावरची आणि पुलाकडची, बास.

घोटाळा झाला तो कंपनीच्या कारकुनाचा. तीन वर्षांपूर्वी तो बायकांच्या बचतगटात आला होता कर्जं वाटायला. आमच्याकडं कशालाही ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची सवय. मयताची वर्गणी, झेरॉक्स. लग्नाची समिती, झेरॉक्स. गटाच्या फाइलीत दोन्ही वाकरिमांच्या झेरॉक्स होत्या. चढावरचीनं कर्ज मागितलंच नव्हतं, तिची झेरॉक्स नुसती सभासद म्हणून. झेरॉक्सवर दोघींच्या तोंडाच्या जागी नुसता डाग. एकच नाव दोनदा बघून कारकुनाला वाटलं, एकाच बाईचा कागद चुकून दोनदा लागलाय. वरचा होता चढावरचीचा, त्यानं तो ठेवला, खालचा फाडला. आमच्या गावच्या शेंबड्या पोरानंसुद्धा विचारलं असतं, कुठली वाकरिमा? ह्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. पैसे मात्र बरोबर पुलाकडचीच्या फोनवर गेले.

पुलाकडची अंगणात बसून बटाटे सोलत होती. दोघी एकमेकींना 'म्हातारे' म्हणतात, आजीचं नाव आहे म्हणून.

"ये म्हातारे, बस. चहा ठेवते."

"चहा नको. हे बघ." वाकरिमानं कागद तिच्या बटाट्यांवर ठेवला. "हा नंबर कुनाचा?"

पुलाकडचीनं सुरी थांबवली. "माजा दिसतोय."

"दिसतोय न्हाई, हायच. कोंबड्या कुनाच्या?"

"मेल्या की गं त्या. रोग आला. तुला ठावं हाय, तूच तर पुरायला आलीस."

"कोंबड्या तुज्या मेल्या, आन् कर्ज माज्या नावावर जितं ऱ्हायलं."

पुलाकडचीनं अर्धवट सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "गेल्या साली मी बघून आले हुते. गिथाइगाकडं. माज्या नंबरावर काईच नव्हतं. कोरं. मला वाटलं कंपनी इसरली."

"कंपनी इसरली?"

"चर्चमधी मी साक्ष पण दिली गं. देवानं माजं कर्ज माफ केलं म्हनून."

चढावरची वाकरिमा हे ऐकून उभी राहिली. तिला राग आला की ती ओरडत नाही. तिचा आवाज सपाट होतो. "देवानं माफ न्हाई केलं, म्हातारे. देवानं ते चढावर पाठवलं. आता मी देवाला लिवू का तुला, ते सांग. कंपनीला एक कागद लिहून दे, कर्ज माजं, हिचं न्हाई. एवढंच पायजे."

"मग मी काळ्या यादीत जाईन की."

"आन् मी आता कुठं हाय? पांढऱ्या?"

पुलाकडची लिहून देईना. देते म्हणाली, उद्या म्हणाली, मग फोन उचलेना. आणि आमच्यात भांडण दोघींत राहत नाही. चौथ्या दिवशी कामोथो काकानं बोलावणं धाडलं. गिचोहीचा धाकटा मुलगा, चौघांतला एकटाच हयात. वय ऐंशीच्या वर. ह्या दोघींना तो 'आई' म्हणतो, कारण नाव त्याच्या आईचं. चढावरचीचा बापही तिला पाळण्यात होती तेव्हापासून आईच म्हणायचा. आमच्याकडं ह्यात नवल नाही.

"आई, बस," काका म्हणाला. "हे ऐकतोय ते चांगलं न्हाई. तू कंपनीत जाऊन सांगनार, कर्ज वाकरिमानं बुडवलं. दुसऱ्या वाकरिमानं. लोक काय दुसरी-तिसरी मोजतात? ऐकताना एकच नाव ऐकतात. माज्या आईचं नाव बाजारात नेऊ नको. निम्मं तू भर, निम्मं ती भरंल. गप मिटवा."

"काका, मी तीस हजार का भरू? त्या कोंबड्यांचं एक अंडं तरी खाल्लं का मी?"

"नाव एकच हाय. आजी एकच हाय."

"आजी एकच हाय हे बोकड वाटायला बसल्यावर कुनाला आठवत न्हाई. तवा चढावरचीचा वाटा येगळा, पुलाकडचीचा येगळा. बुडवलेल्या पैशात मात्र आमी दोघी एक. हे कुठलं वाटप?"

काकानं काठी जमिनीवर आपटली. बोलणं संपलं, असं समजायचं. वाकरिमा उठून गेली. पण त्या घरातले सगळे पुढचे चार दिवस तिला समजावत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, भर आणि मोकळी हो. जिनं बुडवलं तिला कुणी एक शब्द बोलत नव्हतं. जिनं एक शिलिंग घेतला नाही, तिच्या दारात मात्र रोज कुणीतरी समजूतदार माणूस येऊन बसायचा. मला विचाराल तर ह्या समजूतदार माणसांची एक काळी यादी करायला हवी.

वाकरिमा कंपनीच्या ऑफिसात गेली. वहीच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलेला तक्रार अर्ज नेला. त्यात एवढंच लिहिलं होतं: ही नोंद माझी नाही. फोन नंबर माझा नाही. पैसे माझ्या फोनवर आले नाहीत, त्या महिन्याचा माझ्या फोनचा उतारा जोडला आहे. कर्जाच्या कागदावरची सही माझी नाही, माझी सही खाली बघा. नोंद काढा. त्याची एक प्रत नैरोबीच्या पतनोंद ऑफिसलाही पोस्टानं गेली होती, आणि पोस्टाची पावती पिशवीत होती.

मॅनेजर बाईंनी अर्ज वाचला. भली बाई, गळ्यात मोत्यांची माळ, बोलणं गोड. "आई, कशाला एवढा त्रास? तुम्ही दहा हजार भरा. बाकीचं आम्ही सोडतो. नोंद 'बंद' म्हणून लावतो. दाखला शुक्रवारी हातात. नोकरी पक्की."

"बंद म्हंजे?"

"म्हणजे मिटलं."

"मिटलं म्हंजे कवातरी उघडं हुतं. कागदावर ऱ्हाईल की ह्या बाईनं घेतलं, बुडवलं आन् घासाघीस करून सोडवलं."

"त्यानं काय फरक पडतो? नोकरी तर मिळते."

इथं एक सांगतो. दहा हजार वाकरिमाकडं होते. गाय विकायची पाळी नव्हती. मनात हिशेब झालाच असणार, माणूसच आहे. पेन्शनची जागा, दहा हजारात. तिनं पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला आणि सोडला.

"माजे पाचशे हुते ते मी अकराशे तीस करून भरले," तिनं पावती काढून ठेवली. "कुनी मागायला आलं नव्हतं. माजं ते माजं. हे माजं न्हाई. ह्याला 'बंद' नको. ह्याला 'चुकून लावलं' पायजे."

मॅनेजर बाईंचा गोडवा जरा आटला. "मग खऱ्या कर्जदाराचं लेखी आणा. नाहीतर चौकशी होईल, तिला वेळ लागेल."

"लागू द्या. तवर ह्या अर्जावर शिक्का मारा. मिळाला म्हनून, तारखेसकट. माज्या प्रतीवर."

"शिक्का मारणाऱ्या बाई जेवायला गेल्यात."

"मी पण जेवते."

तिनं पिशवीतनं डबा काढला, गिथेरीचा. थर्मासमधला चहा ओतला. ग्राहकांच्या बाकड्यावर बसून सावकाश जेवली. कर्ज घ्यायला आलेली माणसं येत होती, हिच्याकडं बघत होती. एकानं विचारलं, काय काम? ती म्हणाली, "न घेतलेलं कर्ज परत करायला आलेय." दुसरा म्हणाला, त्याच्याही भावाचं असंच झालंय. तिसऱ्यानं फॉर्म हातातला परत टेबलावर ठेवला. मॅनेजर बाईंना दाराच्या फटीतनं हे सगळं दिसत होतं. चहाचा दुसरा कप ओतायच्या आत शिक्का जेवून परत आला.

आठ दिवस उरले. शिक्का होता, पण पुलाकडचीचं लेखी नव्हतं.

वाकरिमा कामोथो काकाकडं परत गेली. काका उन्हात बसला होता. ती समोरच्या स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"कामोथो," ती म्हणाली.

आजवर तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. म्हाताऱ्यानं डोळे वर केले.

"सत्तेचाळीस वर्सं मला आई म्हनतोस. खरंच म्हनतोस का नुसती सवय हाय?"

"असं काय इचारतीस, आई?"

"मग आई सांगते ते ऐक. तू म्हनालास, गप ऱ्हायलं की माज्या आईचं नाव झाकलेलं ऱ्हाईल. हे बघ." तिनं अहवालाचं पान त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. "वाचता येत न्हाई तुला, मी वाचते. एस्तेर वाकरिमा गिचोही. पुढं काय लिवलंय? बुडवी. नैरोबीत छापलंय. ज्याला पायजे तो पैसे दिऊन बघतो. तुजी आई रोज तिथं बुडवी म्हनून बसलीय, आन् तू हितं उन्हात बसून तिचं नाव जपतोयस."

काकानं कागदावर बोट फिरवलं. अक्षर कळत नव्हतं, पण आईच्या नावाचा आकार त्याला ठाऊक होता. तिच्या थडग्यावर त्यानंच खोदून घेतला होता.

"पन पुलाकडची पन माजी आईच हाय," तो हळू म्हणाला. "एका आईचं ऐकून दुसऱ्या आईला कसं बोलू?"

"एकीनं कर्ज घेतलं, एकीनं न्हाई. तुज्या आईनं काय केलं असतं?"

म्हाताऱ्यानं कागद परत तिच्या हातात दिला. मग त्यानं काठी शोधली. "तिनं माजे कान उपटले असते," म्हणाला, आणि उठला. चढ उतरून पुलापर्यंत जायला त्याला तासभर लागला. वाकरिमा मागं चालली.

पुलाकडचीनं काकाला अंगणात बघितलं आणि समजली. काकानं बसायला नकार दिला.

"आई," तो म्हणाला, "लिहून दे. तू घेतलंस, तू फेड. दोन-दोन हजारानं फेड, मी जामीन राहतो, माजी मेंढी हाय. पन माज्या आईचं नाव चुकीच्या कागदावर नको. चुकीच्या तोंडावर तर न्हाईच न्हाई."

पुलाकडचीनं लिहिलं. लिहिताना रडली, नाक पुसलं, मग चढावरचीला म्हणाली, "आता तरी चहा घेशील?"

"आधी झेरॉक्स दे तुज्या ओळखपत्राची."

चहा घेतला तिनं. पण उभ्यानं.

कंपनीनं लेखी घेतलं, कारकुनाची चूक कबूल न करता 'माहितीतील तफावत' असा शब्द लिहिला आणि नोंद काढायला नैरोबीला कळवलं. कागद यायला मात्र वेळ लागणारच. पाचवा दाखला मुदतीच्या दिवशी आला नाही. त्याच शुक्रवारी वाकरिमानं किनुथियापुढं चार दाखले आणि शिक्क्याचा अर्ज ठेवला.

"चार चालणार नाहीत, मी सांगितलं होतं," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला. "मुदत वाढवलीय. दोन आठवडे."

"का?"

"तुमच्याखेरीज तिघांनी अर्ज केला होता. तिघेही यादीत आहेत."

वाकरिमानं त्याच्याकडं बघितलं. "यादीत कोन न्हाई, त्याची एक छोटी यादी करा की. कागद तरी वाचतील."

किनुथिया पहिल्यांदा हसला. मग हळूच म्हणाला, "वर्षातनं एकदा अहवाल फुकट मिळतो म्हणे, तो कुठं मागायचा?"

नऊ दिवसांनी दाखला आला. त्या नंबरावर कुठलंही थकलेलं कर्ज नाही. नोंदीच्या जागी लिहिलं होतं: चुकीने लावलेली, काढून टाकली. गिथाइगा म्हणाला, शंभरात प्लॅस्टिक चढवून देतो. वाकरिमा म्हणाली, तुझ्या भिंतीवरच्या कागदाला चढव, आणि कॅलेंडर जरा बाजूला घे.

नेमणुकीच्या फाइलीला किनुथियानं ओळखपत्राची झेरॉक्स मागितली. तिनं काढून दिली. मग त्याच्या कानावरचं पेन मागून घेतलं आणि झेरॉक्सवर, चेहऱ्याच्या डागावरनं, तिरकं, मोठ्या अक्षरात लिहिलं: चढावरची. फक्त शाळेच्या नोकरीसाठी. कर्जासाठी नाही. खाली तारीख, खाली सही.

"अहो, खराब केलीत की झेरॉक्स," किनुथिया म्हणाला.

"खराब न्हाई केली. आता ती माजी झाली." तिनं पेन परत त्याच्या कानावर ठेवलं. "घेवड्याची पोती कुठं उतरवलीत? गेल्या खेपेला भिजकी आली हुती. ह्या खेपेला पावतीवर सही मी बघून करनार."